बायकोच्या बाजूने एक पान

सोमवार, ३ जुलै
वर्गात आज क्रांती केली. सनावळ्यांची घोकंपट्टी बंद! नववीला निबंध दिला: 'मी वेढा पडलेल्या किल्ल्यातली स्वयंपाकीण'. दुसऱ्याच्या जागी बसून लिहिल्याशिवाय इतिहास कळतच नाही. हेडमास्तर म्हणाले, पोर्शन कोण संपवणार? दूरदृष्टी नाही माणसाला.
बायको अजून बहिणीकडेच. हवापालट. मोठी बॅग नेलीय, पण ते सवयीने असेल.

बुधवार, ५ जुलै
निबंध तपासले. एका पठ्ठ्याने स्वयंपाकिणीला प्रेशर कुकर दिलाय! शेरा मारला: 'तू तिच्या चुलीजवळ गेलाच नाहीस.' झकास शेरा.

शुक्रवार, ७ जुलै
बायकोचा फोन. परत ये म्हटलं. म्हणाली, पोरांना लिहायला लावता ना, मग माझ्या जागी बसून एक पान लिहा. त्यात मी सापडले तर येते. रविवारी बघायला येणार.
घ्या! हा तर माझा हातखंडा विषय. मुलीला सांगितलं, आईचं कपाट पुसून ठेव.

शनिवार, ८ जुलै, सकाळ
सुरुवात झोकात: 'उठल्याउठल्या मला चहा लागतो.' मुलीने वाचलं. म्हणाली, बाबा, आईने चहा सोडून वर्ष झालं. ॲसिडिटी.
किरकोळ तपशील. पण आता तिला काही विचारणार नाही. कॉपी मला चालत नाही.

दुपार
बायकोला आवडतं काय? रिफिल संपली. नवी आणली. शेजारी ड्रिल चालू. अशात कोण लिहिणार?

संध्याकाळ
पान भरलं! 'माझे यजमान विद्वान, शांत, विद्यार्थीप्रिय...' इथून जो ओघ लागला म्हणता!

रविवार, ९ जुलै
आली. चपला न काढता, दारातच उभ्याने वाचलं. दोनदा. म्हणाली, अक्षर छान आहे. मग म्हणाली, पण यात मी कुठे आहे?
चिडली असती तर बरं झालं असतं. डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, पुन्हा लिहितो, एक संधी दे. म्हणाली, आता तपासायची ताकद नाही राहिली हो माझ्यात.
कपाटातले कपडे घेतले. मुलगीही तिच्याबरोबर गेली. घर खायला उठलंय. खूप रडलो.
मग पुन्हा लिहायला बसलो: 'मी घरातून निघाले तेव्हा...' पुढे काही सुचेना. जाताना तिने मागे वळून पाहिलं का, तेही मला माहीत नाही. मी तेव्हा ते पान वाचत होतो, चुकलं कुठे ते शोधत.