सगळ्या गल्ल्या करड्या

अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसलेय ती रडायला नव्हे, रागानं!

हर्सूलच्या आपल्या कॉलनीत पाण्याचं वेळापत्रक पुन्हा बदललं. सेक्रेटरी सचिननं पुन्हा तसलाच नकाशा काढला. लाल गल्ल्यांना सोमवारी पाणी, हिरव्या गल्ल्यांना गुरुवारी. ह्याच लाल-हिरव्यानं तुमच्या हातातली पाणी सोडायच्या व्हॉल्व्हची चावी काढून घेतली होती.

तुम्हाला हे दोन रंग जन्मापासून सारखेच दिसायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, "हा टोमॅटो पिकलाय का गं?" मला वाटलं, थट्टा करताय! तेव्हापासून तुमचे रंग मीच सांगत आले.

हातानं लिहिलेलं वेळापत्रक होतं तोवर तुम्ही पाणी बिनचूक सोडलंत. रंगीत नकाशा आला अन् एकदाच भलत्या गल्लीला पाणी गेलं. भर मीटिंगमध्ये सचिन म्हणाला, "काका, डोळे तपासून घ्या. लहान लेकरालाबी कळतंय हे!" आणि तुम्ही चावी टेबलावर ठेवून उठलात. का हो? "गल्लीवर वार लिहा," एवढं म्हणायला काय झालं होतं?

आता ऐका. या वेळी प्रिंटरमधली रंगीत शाई संपली, म्हणून सचिननं नकाशा काळा-पांढराच छापून फलकावर लावला. सगळ्या गल्ल्या करड्या! सोमवारी त्यानं स्वतःच चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. बायका रिकामे हंडे घेऊन त्याच्या दारात. तो म्हणाला,

"यात लाल कोणतं अन् हिरवं कोणतं, कायबी कळंना की!"

मी म्हटलं, "काकांना रोज असंच दिसायचं. त्यांचे डोळे तपासायला निघाला होतास ना? आता तुझा नकाशा तपास!"

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हे ऐकायला तुम्ही नव्हतात, याचा संताप जात नाही.

नकाशा पुन्हा काढायला लावला. सोमवारच्या गल्ल्यांना तिरप्या रेघा, गुरुवारच्या गल्ल्यांना ठिपके, अन् प्रत्येक गल्लीवर वार ठळक लिहिलेला. मग भरा खुशाल रंग, निळा आणि नारिंगी; हे दोन तुम्हालाही वेगळे दिसायचे. तेही आधी झेरॉक्स काढून बघायचं, त्यात कळलं तरच फलकावर लावायचं.

सचिन चावी घेऊन घरी आला. "काकू, चुकलं माझं. ही तुमच्याकडंच राहू द्या." तुमच्याच खिळ्याला टांगलीय.

शब्द देते, या कॉलनीत इथून पुढं पाण्यासाठी कुणाला रंग विचारावा लागणार नाही.

मला मात्र आता कुणीच रंग विचारत नाही हो.

तुमची,
सुमन