पुढं काय हाय वं?

वडसा,
घटस्थापना

प्रिय निकेश,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू. पण पत्राला काहीतरी मायना लागतो, आणि तुझ्यासाठी दुसरा जो शब्द तोंडात येतो तो पोस्टमनच्या हाती देण्यासारखा नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तू 'ऐक ना चंदे' म्हणतोस आणि माझं अर्धं भांडण तिथंच विझतं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. लांबलचक काही वाचायची तुला सवय नाही, हे मला तुझ्या आईपेक्षा जास्त माहीत आहे.

पहिली बातमी, माझी तब्येत ठणठणीत आहे. मुद्दाम सांगते, कारण मागच्या सीझनला तू वडशापासून मूल गावापर्यंत उलटंच सांगत फिरलास. मी सकाळी भाकर खाते, दुपारी लिहिते आणि संध्याकाळी आपल्या नायिकेशी, रंजीताशी भांडते. इकडे नाटक कंपन्यांच्या ऑफिसांवर बोर्ड लागायला लागलेत. धानाला लोंब्या आल्यात. दिवाळीत कापणी झाली की गावोगावची मंडळं बुकिंगला येतील, आणि मग होळीपर्यंत रोज नवं गाव, रोज कुणाच्या तरी धान कापलेल्या बांधीत नवा मंडप. आपले जुने मालक श्रीहरीभाऊ बाजारात दिसतात. मला बघितलं की त्यांना अचानक पानाच्या टपरीवर काम निघतं.

तू कंपनीत आलास तो दिवस मला अजून दिसतो. ऊर्जानगरच्या क्वार्टरमधला पोरगा, वडील वीज केंद्रात नोकरीला, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं असं की आकाशवाणीवर बातम्या देतोय. पहिल्याच नाटकात आईच्या पाया पडून 'मला जाऊ दे गं आई' म्हणालास आणि रडायच्या जागी पब्लिक हसली. मग मी तुला गावतळ्याशी, बोडीच्या पाळीवर बसवून शिकवलं की बाबा, 'मले जाऊ दे वं माय' म्हण, आणि 'माय' म्हणताना मान खाली घाल. शिकलास, पटकन शिकलास. चेहरा तर देवानं दिलेलाच होता. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात तालमी त्या कितीशा होतात, त्यामुळे विंगेतल्या प्रॉम्प्टरनं वाक्य वाचायचं आणि नटानं ते उचलायचं, ही सगळ्यांचीच रीत. पण बाकीचे दहा-वीस प्रयोगांत निदान आपलं आपलं पाठ करतात. तू कधीच केलं नाहीस. मी श्वास घेतला तर तू श्वास घ्यायचास. लोक म्हणायचे, निकेशभाऊ काय रडवतो. आणि मला वेडीला विंगेत बसून वाटायचं, आपला आवाजच आहे ना तो, कुणाच्या का तोंडून निघेना.

'अंगणातली वाघीण' हे नाटक कुठून आलं ते तुला सांगायची गरज नव्हती, पण आता आहे. माझी मावशी, कलाबाई. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला म्हणाला, नीघ. मावशीनं भांडं घेतलं नाही, लुगडं घेतलं नाही. सब्बल घेतली, स्वयंपाकघरातली मातीची चूल खणून काढली, ती डोक्यावर ठेवली आणि दारात उभी राहून म्हणाली, 'घर तुमचं असन. चूल माह्या हातची हाय, चूल मी नेतो.' तशीच चालत आमच्या गावात आली. पुढं मोहफुलं वेचून, तेंदूपत्ता तोडून जगली. ते सगळं मी पावसाळाभर लिहिलं. चुलीचा प्रसंग तुला पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा तू खरोखरचा रडला होतास, एवढं मी नाकारणार नाही. मग पाम्प्लेट छापून आलं. लेखक, दिग्दर्शक, नायक, तिन्ही ठिकाणी निकेश. मी सगळ्यात खाली, लाइटवाल्याच्या आणि ढोलकीवाल्याच्या मध्ये, प्रॉम्प्टर म्हणून, तेही चुकीचं, 'चंद्रा'. मी विचारलं तर तू माझा हात धरलास आणि माझ्याच भाषेत मला म्हणालास की बाईच्या नावावर बुकिंग नाई होत वं, नाव माहं, काम तुहं, आपण काय वेगळे हाय का. त्या शेवटच्या वाक्यात मी मांडव ऐकला, वरात ऐकली, सगळं ऐकलं. तू तर तसं काहीच म्हणाला नव्हतास.

नाव गेलं तरी मी तोंड मिटून बसले. मग तू त्या यूट्यूबवाल्या पोराला मुलाखत दिलीस की हे नाटक मले आलापल्लीच्या सागवानाच्या जंगलात एकटं बसून सुचलं. अरे, आलापल्लीच्या रस्त्यावर गाडी थांबली तर तू पडदेवाला बिरजू टॉर्च घेऊन सोबत आल्याशिवाय खाली उतरत नव्हतास. त्यावर मी पोट धरून हसले. हसू थांबलं ते बापूजींच्या ऑफिसात. मला जन्मभर दुसऱ्याची वाक्यं कुजबुजत बसायचं नव्हतं, मला नाटकं लिहून पोट भरायचं होतं. एवढंच हवं होतं मला, निकेश, दुसरं काही नाही. म्हणून मी दुसऱ्या कंपनीत, बापूजींकडे, नवं नाटक घेऊन गेले. माणूस चांगला, चहा पाजला, आणि हसून म्हणाला, 'बाई, तू निकेशभाऊची प्रॉम्प्टर. वाचणं येगळं, लिवणं येगळं. लिवता कुठी येते तुले?' मी म्हटलं, वाघीण मीच लिहिली. तर म्हणाला, नाटक चाललं का सारेच असं म्हणतात. नवं नाटक त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. त्यांचा राग मला आला नाही. पाम्प्लेटवर जे छापलंय तेच माणूस वाचणार. राग तुझा आला, आणि तो अजून तस्साच आहे, शिळा व्हायचं नाव घेत नाही.

मग मोहबोडी गावचा प्रयोग आला. दिवसभर शंकरपट झाला होता, बैलांच्या शर्यतीला आजूबाजूची सगळी गावं लोटली होती आणि ती सगळी गर्दी नाटकाला थांबली. कलामावशी अगदी पुढं ताडपत्रीवर बसली होती, शेजारणीची शाल पांघरून. चुलीचा प्रसंग तुझा. मुलगा बापाच्या दारात उभा राहतो आणि आपली माय जाताना काय बोलली ते बापाला ऐकवतो. मी वाक्य दिलं, 'माही माय या दारातून गेली तवा काय म्हणे, आठवते का तुले?' तू उचललंस, छान उचललंस. आणि मी गप्प बसले. माझा घसा बसला नव्हता. खोकला नव्हता, ठसका लागला नव्हता. संहिता मांडीवर पालथी घातली, हात त्यावर ठेवला आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. तू तेच वाक्य पुन्हा म्हटलंस. मग डोळ्यांत पाणी आणून पुन्हा म्हटलंस, त्यावर तर टाळ्यासुद्धा पडल्या. मग विंगेकडे सरकलास आणि दात न उघडता म्हणालास, 'पुढं काय हाय वं?' डोक्यावर माइक टांगलेला असतो हे तू विसरलास. भोंग्यांतून ते साऱ्या मोहबोडीनं ऐकलं. मागून कुणीतरी ओरडलं, 'तूच लिवलं ना गा, तुलेच नाई मालूम?' आणि मंडप असा हसला की बिरजू पडदा पाडायला धावला, तर दोरी अडकली. तेव्हा मावशी उठून उभी राहिली. तिला काही ठरवून दिलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. तिचंच वाक्य होतं, तिला राहवलं नाही. 'घर तुमचं असन. चूल माह्या हातची हाय, चूल मी नेतो.' माइक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मग वळून लोकांना म्हणाली, 'माह्या बहिणीच्या चंदानं लिवलं हाय हे, इचारा तिले.' मला काय वाटलं सांगू? उपास सुटल्यासारखं वाटलं.

तेव्हाही तुला खरं बोलता आलं असतं. नुसतं म्हणाला असतास की हो, चंदाचं आहे, तर मी विरघळले असते, तेवढी मूर्ख मी होतेच. पण तू सगळीकडे सांगितलंस की बाईचा घसा कामातून गेला, आवाजच फुटत नाही, डॉक्टरनं हात टेकले. चोराच्या उलट्या बोंबा. सीझन संपेपर्यंत मला लेखिका म्हणून सोडाच, प्रॉम्प्टर म्हणूनही कुणी बोलावलं नाही. आवाज नसलेली प्रॉम्प्टर कोण ठेवणार? मी मावशीसोबत मोहफुलं वेचली आणि पोट भरलं. पण घसा माझा बसला म्हणे, तोंडघशी मात्र तू पडलास. तू एंट्री घेतलीस की पोरं ओरडायची, 'पुढं काय हाय वं?' कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं तेवढंच वाक्य लग्नाच्या वरातीत डीजेवाले वाजवायला लागले. होळीच्या आत श्रीहरीभाऊंनी तुला हात जोडले. आता ऊर्जानगरला वडिलांच्या क्वार्टरमध्ये आहेस, नाटक कंपनीची बस आली की गल्ली बदलतोस, असं कानावर आलं. मला वाईट वाटेल म्हणून मी थोडी वाट पाहिली. नाही वाटलं.

आता पत्र कशाला, ते सांगते. रंजीतानं आणि मी मिळून पिठाच्या गिरणीमागं एक खोली घेतली आणि बोर्ड लावला. 'लेखिका: चंदा गुरनुले', नायिकेपेक्षा मोठ्या अक्षरात, त्यावरून रंजीता अजून फुगलेली आहे. पहिलं बुकिंग मोहबोडीचं, दिवाळीची वाट न बघता आलं. मंडळाचे झिंगूभाऊ स्वतः आले आणि म्हणाले, ज्या बाईनं लिवलं तिच्याच नावाचं नाटक पायजे. फक्त एक अट घातली, हिरो निकेशभाऊच पायजे. मी काऊन म्हणून विचारलं तर म्हणाले, 'पब्लिकले पाह्यचं हाय, औंदा त्याले येते का नाई.' मी थोडे आढेवेढे घेतले आणि हो म्हटलं. तर हे पत्र म्हणजे तुझ्या कामाचं बोलावणं आहे. बाकीच्यांना एका प्रयोगाची जी नाईट देतो तेवढेच पैसे तुलाही मिळतील, पाम्प्लेटवर नावही येईल, बरोबर अक्षरांत, माझ्या नावाच्या खाली. नवं नाटक सोबत पाठवते आहे. दुसऱ्या अंकात तुला एक भाषण लिहिलंय, सगळ्या नाटकात लांब, स्टेजवर तू एकटाच. या वेळी पुढं बसलेल्या कुणालाच ते येत नसेल, मावशीलाही नाही, कारण त्यातला शब्दन् शब्द माझा आहे. पाठ करून ये, निकेश. प्रॉम्प्टिंगला मीच बसणार आहे, आणि माझ्या घशाचा काही भरवसा नाही, हे तर तूच साऱ्या मुलखाला सांगितलंयस.

तुझीच,
चंदा