पेशींना घडलेली एकादशी

२८ जानेवारी
इस्पितळातून नाळ आणली. वाटेत गोहलपूरच्या गर्दीत अर्धा तास अडकलो, डब्यातलं बर्फ अर्धं पाणी. आमच्या गावी नाळ मातीत पुरतात. इथे लॅबमध्ये नेहा दीदी नाळेच्या शिरेचं आतलं अस्तर सोडवून घेते आणि त्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवते. औषधाने त्या पेशींत काय बदलतं, यावर तिची पीएचडी. पेशींना खाऊ घालणं माझ्याकडे: मीडिया म्हणजे त्यांचं गुलाबी खाद्यपाणी, त्यात सिरम.

२९ जाने., एकादशी
सिरम म्हणजे न जन्मलेल्या वासराच्या रक्ताचं पाणी. हे कळल्यापासून एकादशीला ती बाटली हाताळत नाही. आजही नुसता मीडिया दिला, सिरम उद्या. वहीत लिहिलं, ‘मीडिया बदलला’.

३० जाने.
सकाळी दीदीने पेशींत रंग टाकून मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पेशीचं आवरण म्हणजे चरबीचे दोन थर, केसापेक्षा हजारो पटींनी पातळ. आतला सगळा संसार त्यावर तोललेला. घट्ट असलं की निळं दिसतं, सैल पडलं की हिरवट. किती वेळ डोळा लावून होतो, कळलं नाही.
दीदी मात्र रडकुंडीला. ‘काका, फिर वही हरा. आणि औषध तर दिलंच नाही अजून.’
औषधाविनाच रंग बदलत राहिला तर दोन वर्षांची मोजमापं धरली जाणार नाहीत, असं तिच्या गाइड सरांनी सांगितलंय.

२ फेब्रुवारी
दीदीने हिरव्या तारखा काढून दिल्या. म्हणाली, त्या दिवशी इनक्यूबेटर बिघडला होता का, जुन्या वह्यांत बघा. सात तारखा. घरी सहज कॅलेंडरपाशी उभा राहिलो. सातही द्वादशीच्या. प्रत्येकीच्या आदल्या दिवशी माझी एकादशी, बिनसिरमची.
बायकोला, सुमनला, सांगितलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘उपास तुमचा, न् भूक त्यायले काढाले लावली.’ मग हळूच, ‘उद्या सांगून टाका.’

४ फेब्रु.
काल धीर झाला नाही. आज सांगितलं.
दीदी बराच वेळ वही उघडझाप करत बसली. ‘काहून नाही सांगितलं, काका? उस दिन मैं डाल देती ना.’
नोकरीचं काय, हे विचारायचं होतं, राहून गेलं.
मग तिनेच समजावलं. आवरणाला लागणारी चरबी पेशी बरीचशी सिरममधून घेतात. जे मिळेल त्यानेच अंग बांधतात. एका दिवसात.
ज्या लेकराचं नावही ठाऊक नाही, त्याच्या पेशींच्या अंगावर माझी एकादशी उमटली. इतक्या वर्षांत माझा उपास कुठे पोचतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. असा पोचेल असं…

१२ फेब्रु.
सर रागावले. मोजमापांचा, माझ्या नोकरीचा, कशाचाच निकाल अजून नाही. फरक सिरमचाच आहे हे दाखवून द्या, मग पाहू, म्हणाले. दीदीचं सगळं आता दोन फ्लास्कवर.

१३ फेब्रु., एकादशी
आंघोळ, पूजा, मग लॅब. दीदीने बाटली स्वतः काढली. ‘आप रहने दो, काका.’ मी फ्लास्क धरले.
इनक्यूबेटरचं दार लावताना हात आपोआप जुळले. सदतीस अंश. आत कोण काय बांधत असेल.
वहीत आज पूर्ण लिहिलं: आज एकादशी. डाव्या फ्लास्कला सिरम, दीदीच्या हातचं. उजवा उपाशी, माझ्यासोबत.