हारलेमची म्हातारी

मुगभाट, गिरगाव, मुंबई
शुक्रवार, २४ सप्टेंबर १८९७

प्रिय रघू,

चिरंजीव, आशीर्वाद, विशेष, हा सगळा मायना आज बाजूला ठेवते. वेळ थोडा आहे. सोमवारी कोर्टात उभा राहून ‘या पुस्तकातला प्रत्येक शब्द मूळ इंग्रजीत आहे’ अशी शपथ तू घ्यायची नाहीस. तशी लेखी जबानी तू अलिबागेला जाण्याआधीच देऊन बसला आहेस, हे मला काल आपले वकील रामचंद्रकाका यांच्याकडून कळलं. काका स्वतःवर भलतेच खूष होते. नुसत्या भाषांतराबद्दल कुणाला राजद्रोही ठरवता येत नाही, मूळ पुस्तक शेजारी ठेवलं की पाच मिनिटांत खटला संपेल, असं म्हणून ते दोन पेले चहा पिऊन गेले. मी मात्र संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन खरं काय ते त्यांना सांगून आले. कोर्टानं मूळ इंग्रजी प्रत मागवली आहे, रघू. सोमवारी दोन्ही पुस्तकं ओळीला ओळ लावून वाचणार आहेत. त्यात तू खोटा ठरलास की तुला तुरुंगात धाडायला दुसरा पुरावा लागणार नाही, आणि तिकडे माहेरी तुझ्या कमलचे दिवस भरलेत.

हॉलंडचा इतिहास मराठीत आणायची हौस तुझी होती, हे मी नाकारत नाही. त्या इंग्रज पाद्र्याचं जाडजूड पुस्तक तू शाळेतून आणलंस, तीन पानं उतरवलीस, आणि चौथ्यावर तुला पडसं झालं. ते पडसं पुढं दोन वर्षं टिकलं. लहानपणी तू पुस्तक हातात धरून येरझारा घालत इंग्रजी घोकायचास आणि मी तांदूळ निवडता निवडता ते ऐकून पाठ करायची. तुला आठवेना झालं की मी पुढचा शब्द सांगायची, आणि तू मास्तरांसारखा चिडायचास. तेच इंग्रजी मला या पुस्तकापाशी उपयोगी पडलं. दुपारची जेवणं आटोपली की मी खिडकीत बसून पुढची पानं उतरवायची. मुठीएवढा देश, निम्मी जमीन समुद्राच्या पातळीखाली, बांध घालघालून मिळवलेली. भराव घालून जोडलेल्या सात बेटांवर राहणाऱ्या बाईला ते काही परकं वाटलं नाही. पुस्तक झालं तेव्हा त्यावर तुझं नाव घातलं. विधवा बाईनं लिहिलेला इतिहास कोण विकत घेणार, दुसऱ्या आवृत्तीला अक्काचं नाव घालू, असं तू म्हणालास आणि मी हसले. मला राग आला होता. तो तेव्हाच सांगायला हवा होता.

पुतळाबाई कोळणीला मी लायडनच्या वेढ्याची हकिकत सांगितली होती. मी मासळी सोडून सोळा वर्षं झाली, तरी कमलला पापलेट देऊन झालं की ती आपली पाटी टेकून ओट्यावर बसायची. गावात अन्न संपलं, प्लेग शिरला, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तरी दरवाजे उघडले नाहीत. मग त्या लोकांनी आपलेच बांध फोडले, आपल्याच शेतांत समुद्र घेतला आणि त्यावरून होड्या आणल्या. पुतळाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आनी वारा फिरला नसता तं गो?’ इतिहासकारांना जे चार पानं लिहून समजावावं लागतं, ते तिला बसल्या जागी कळलं. वारा खरोखरच फिरला, समुद्राचं पाणी आत चढलं, म्हणून ते वाचले. हे पत्र तिचा हरेश्वर आपल्या होडीतून आणतो आहे. टपालाचा भरवसा धरायला मला दिवस उरलेले नाहीत.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. मार्चमध्ये तू कमलला पहिल्यांदा अलिबागेला पोचवायला गेलास, त्याच आठवड्यात आपल्या चाळीत प्लेगची झडती आली. तू परतलास तेव्हा राधाबाई गेल्याचं मी तुला सांगितलं, पण कशी गेली ते सांगितलं नाही. खालच्या मजल्यावरची राधाबाई, मी सासरहून कायमची परत आले त्या दिवशी ज्या बाईनं मला हातानं दहीभात भरवला, ती राधाबाई. तिला साधा हिवताप होता, दर फाल्गुनात यायचा. गोरे शिपाई बुटांसकट आत गेले आणि तिला बाहेर काढलं. इस्पितळातून ती आली नाही. जाताना तिनं वर माझ्याकडे पाहिलं. मी कठड्याला धरून उभी होते. मला इंग्रजी येतं, रघू. साऱ्या चाळीत मला एकटीला येतं. हा जुना ताप आहे एवढं एक वाक्य मी बोलू शकले असते, आणि बोलले नाही, कारण विधवेनं परक्या पुरुषासमोर, तेही गोऱ्या, तोंड कसं उघडायचं.

पुढं हारलेमचं प्रकरण आलं. मूळ पुस्तकात एवढंच आहे की सात महिन्यांनी गाव शरण आलं आणि स्पेनचे शिपाई आत शिरले. दोन ओळी. माझ्या हातून दीड पान झालं. चौऱ्याण्णवाव्या पानावर मी हे लिहिलं: ‘शिपाई बूट घालून थेट चुलीपर्यंत गेले. म्हातारीला ताप होता. तिला उजेडात ओढून त्यांनी तिचे हात वर करविले आणि काखा चाचपल्या. शेजारणी उभ्या राहून पाहत होत्या. कोणी एक शब्द बोलले नाही.’ ही बाई पाद्रीबोवांच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. मुद्रितं मीच तपासत होते, तू त्या वेळी पुन्हा अलिबागेच्या वाटेवर होतास. छापून आल्यावर तू मुखपृष्ठ पाहिलंस, आपलं नाव पाहिलंस आणि चार मित्रांना प्रती वाटल्यास.

सरकारी दुभाष्यानं नेमक्या त्याच पानावर तांबडी रेघ ओढली आहे. काकांनी मला नक्कल दाखवली. माणूस हुशार आहे. त्यानं समासात दोनच प्रश्न विचारलेत. हॉलंडात सगळेच बूट घालून चुलीपाशी वावरतात, मग त्याचं दुःख कुणाला? आणि सव्वातीनशे वर्षांपूर्वी स्पेनच्या शिपायाला म्हातारीची काख कशाला पाहायची होती? ते वाचून मला आधी घाम फुटला आणि मग हसू आलं. दोन वर्षं मी त्या देशाच्या राजांच्या सनावळ्या घोटल्या, आणि हारलेमच्या बाईच्या घरात चूल मात्र आपली, सोवळ्याची मांडली. काखेत गाठ शोधणारा शिपाई जगात एकाच ठिकाणी एकाच वर्षी होऊन गेला, हे कळायला दुभाष्या तरी कशाला हवा.

हे कळल्यावर तू काय करशील ते मला माहीत आहे. ते पान मीच रचलं, असं सांगून तू मोकळा होशील. ते करू नकोस. काल माझं ऐकून काकांनी, सहज बोलल्यासारखं करून, दुसरी वाट सुचवली: बहिणीचं डोकं ठिकाणावर नाही, कागद तिच्या हाती लागले, असं म्हणायचं. तेही करू नकोस. मी तुझ्यासाठी तुरुंगात जाईन, पण वेडी म्हणून घरी बसणार नाही. लायडनचा वेढा १५७४च्या ऑक्टोबरची तीन तारीख, रविवार, या दिवशी उठला. वेड्या बायकांना वार आठवत नाहीत.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. नुसतं सावध करायला हरेश्वराच्या तोंडी निरोप पुरला असता. पण मजकूर तुझ्या अजाणता दुसऱ्यानं घातल्याचं सिद्ध झालं तर तुझ्यावरचा राजद्रोह टिकत नाही, असं काका म्हणतात, आणि एका बाईनं असा ग्रंथ लिहिला यावर कोर्टात कुणी विश्वास ठेवणार नाही. भावासाठी खोटं बोलते म्हणतील. पोलिसांनी छापखान्यातून नेलेली हस्तलिखित प्रत कोर्टात आहे, पण ती ज्याच्याशी ताडून पाहायची, तो माझ्या अक्षराचा दुसरा कागद कुठंच नाही. जन्मात मला कुणाला पत्र लिहायची वेळ आली नाही. हे पहिलं. म्हणून वर पत्ता घातला, तारीख घातली, आणि म्हातारीचा मजकूर जसाच्या तसा उतरवून काढला. रघू, हे पत्र तुझ्यापेक्षा मॅजिस्ट्रेटसाठी जास्त आहे. तू ते फाडून समुद्रात टाकशील, तुझा स्वभाव मी ओळखून आहे. म्हणून याची दुसरी प्रत, याच हातची, तू हे वाचशील तोवर मी काकांकडे स्वतः नेऊन दिलेली असेल. पुस्तकावर माझं नाव आलं नाही. खटल्यावर येऊ दे.

तुझीच अक्का,
आनंदीबाई मोरोबा कोठारे