गाडीवरून पडला, असं मी लिहिलं

साखरखेर्डा,
शुक्रवार, दि. २४ जानेवारी २०२५

पुंजादादा,

सप्रेम जय भीम. वहिनीलाही सांग. इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. नऊ दिवस झाले, तू माझा फोन उचलून नाही राह्यला. शेजारचे शेषराव उद्या देऊळगाव राजाला येतात, त्यांच्या हाती हे देते. सोबत तुरीच्या ओल्या शेंगा आहेत. रागाच्या भरात त्या परत धाडू नको, शेंगांनी तुझं काही बिघडवलं नाही.

मागच्या महिन्यात चिखलीला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तरुण पोरांची मारामारी दवाखान्यातच कशी ओळखायची आणि पुढची कशी टाळायची, असा विषय. आम्ही चाळीस जण, नर्सा आणि डॉक्टर. पहिला दिवस सत्कारातच गेला. पडद्यावर सगळं इंग्रजी, माझ्या मागे एक डॉक्टर चक्क घोरत होते. शेवटी सांगितलं ते एवढंच. मार लागलेलं पोरगं आलं की नातेवाइकांना बाहेर काढा, दार लोटा आणि विचारा. कोणी मारलं? घराबाहेर पडायची भीती वाटते का? परत मारायला जाणार आहेस का? मग गप बसून ऐका. आता आमच्याकडे लोटायला दार आहे कुठे? ड्रेसिंगच्या खोलीला पडदा, तोही अर्धा, आणि एका पेशंटमागे आठ माणसं. हे बोलले तर शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, तुम्ही फार निगेटिव्ह आहात. परत आले तर साहेबांनी बाकीच्यांना शिकवायला मलाच नेमलं. नुसता डोक्याला ताप.

पण खरं सांगू? माझी चिडचिड मॅडमवर नव्हती. तिथे बसल्या बसल्या मला आपल्या संघर्षचा हात दिसत होता.

प्रशिक्षणाच्या आधीच्याच आठवड्यात मी तुला फोन केला होता, की पोराला सहा टाके घालावे लागतात. पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करायला तूच त्याला माझ्याकडे ठेवलं होतं. जखम किती खोल, हेही तू विचारलं नाहीस. म्हणालास, "केस नको करू माया. भरती हाय त्याची. गाडीवरून पडला म्हणून लिही." मी लिहिलं. तू म्हणालास, "शहाणी बहीण हायेस माही."

आमच्या दवाखान्यात अर्धी पोरं गाडीवरूनच पडतात. बाप सांगतो, आम्ही लिहितो, पोलिसांची कटकट नाही, सगळे खूश. वीस वर्षं हेच चाललं आहे.

गाडीवरून पडलेल्याचे तळहात आणि गुडघे सोलतात. संघर्षची जखम कोपराखाली, बाहेरच्या बाजूने, सरळ आणि बारीक होती. वार चुकवायला हात वर केला की तिथेच लागतं. सुई हातात घ्यायच्या आधीच मला कळलं होतं.

आणि हे तुला सांगितलेलं नाही. टाके घालताना तो म्हणाला, "आत्या, थांब ना जरा. मले एक सांगायचं हाय."

मी म्हटलं, "गप बैस. तुह्या बापानं सांगितलं तेच लिहून राह्यली मी."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढे महिनाभर ताटावरसुद्धा मान खाली. मी मूर्ख, मला वाटलं पोरगं शांत झालं.

पंधरा तारखेला दुपारी जीवनला आणलं, डोकं फुटलेलं. हा संघर्षबरोबरच मैदानावर पळायचा. त्याची आई सिंधूताई हात जोडून म्हणाली, बाई, पडला म्हणून लिहा, याचीबी भरती आहे. तुझेच शब्द. मी सगळ्यांना बाहेर काढलं, सफाईच्या रुखमाबाईंना पडद्याबाहेर स्टूल टाकून बसवलं आणि तेच तीन प्रश्न विचारले.

पोरगं रडलं. पळताना संघर्ष ओकला, त्याचा व्हिडिओ याने स्टेटसला ठेवला होता. त्यावरून भांडण पेटलं, आणि डिसेंबरात ब्लेड मारलं ते यानेच. आता संघर्षने काठी घातली. तिसऱ्या प्रश्नाला त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "टाके निघू द्या बाई. मंग पाहतो त्याले."

म्हणून मी खरं लिहिलं. कोणी मारलं, कशाने मारलं. नोंद पोलिसांकडे गेली, खाली सही माझी. वहिनीकडून कळलं, तू म्हणतोस बहिणीने केसाने गळा कापला. कापला, दादा, पण तो डिसेंबरात, आणि तुझाही हात त्याला लागला आहे. पोलीस विचारतात, आधी वार झाला म्हणता, त्याचा पुरावा काय? केसपेपरवर तर तो गाडीवरून पडला आहे! त्या एका ओळीपायी आज आपल्या पोराच्या बाजूने एक कागद नाही. मी दवाखान्याच्या साहेबांना लेखी दिलं, की ती नोंद खोटी आहे आणि मीच केली. चौकशी लागेल. लागू दे.

संघर्षला तू सासुरवाडीला लपवलं आहेस, हे मला कळलं म्हणजे जीवनच्या दोस्तांनाही कळेल. जीवनचे टाके सोमवारी निघतात, मीच काढणार आहे. तुला समजतंय ना मी काय म्हणते ते? रविवारी सकाळच्या गाडीने पोराला घेऊन ये. पोलिसांत मी सोबत येईन. भरती पुढच्या वर्षीही निघेल.

त्याच्या आधी त्याला माझ्यासमोर बसव आणि तू बाहेर बाकावर बस. महिनाभरापूर्वी तो काय सांगत होता, ते मला अजून माहीत नाही.

खोटं लिहिलं तेव्हा जिला शहाणी म्हणालास, ती तुझी बहीण,
महामाया