जिन्याखालचा सात नंबर

२ एप्रिल
आज विजेचं मीटर काढून नेलं. अर्ज माझाच होता. वायरमननं दोनदा विचारलं, साहेब, स्वतःच्या मर्जीनं ना? मी नुसता हसलो. गच्चीवर सोलरचे दहा पॅनल. जिन्याखाली, अपघातातल्या इलेक्ट्रिक कारमधून काढलेले बॅटरीचे सोळा मॉड्यूल. जोडणी सगळी माझी, व्हिडिओ बघून. अख्ख्या पडेगावात असं घर नाही. आईचं ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास चालतं, पण या बॅटरीला ते काहीच नाही. करुणा काही बोलली नाही. बावीस वर्षांच्या संसारात एवढं शिकलोय : बायको गप्प म्हणजे होकार.

१५ एप्रिल
काल जयंतीची रोषणाई केली. आठ वाजता मीच बंद केली, मशीनसाठी चार्ज राखायला. याला नियोजन म्हणतात. शेजारचे साहेबराव काका म्हणाले, सगळ्या कॉलनीत तुमचंच घर दिसंना.

२४ एप्रिल, दुपारी
बाहेर बेचाळीस. ॲपवर सात नंबरचा मॉड्यूल बाकीच्यांपेक्षा अकरा डिग्री जास्त गरम दाखवतोय. सेन्सर खराब असणार. अलार्म सारखा वाजून आईची झोप मोडत होता. बंद केला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करावा लागतो.

२८ एप्रिल
जिन्याखाली कूलर लावला. बॅटरी थंड राहते. कूलर त्याच बॅटरीवर चालतो, म्हणून संध्याकाळी चार्ज निम्मा. किरकोळ गोष्ट. संकल्प : इस्त्री बंद, मिक्सर बंद, फ्रिज दिवसाआड. करुणा पाट्यावर चटणी वाटते. चव लई भारी. तिला सांगितलं. तिनं वरवंटा आणखी जोरात फिरवला.

५ मे
दोन दिवस अवकाळी. आभाळ भरलेलं. चार वाजता इन्व्हर्टर बंद पडला, मशीन थांबलं. मी ॲपवर कारण शोधत होतो. मान वर केली तर आईचे ओठ निळसर. करुणानं पलंगाखालून ऑक्सिजनचं सिलिंडर ओढलं, नळी जोडली. ते तिनं कधी आणून ठेवलं होतं, मला माहीत नाही. आईचा श्वास ताळ्यावर यायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ मी तिचं पाऊल धरून बसलो होतो.
करुणा हळूच म्हणाली, "आईंनी श्वास घ्यायला आता ऊन पडायची वाट बघायची का?"
दोष ढगांचा आहे. तरी म्हणालो, पुन्हा होणार नाही. साहेबराव काकांकडून वायर ओढली. तात्पुरती.

९ मे
कडक ऊन. वायर काकांना परत केली. करुणा नको म्हणत होती. काकाही राहू द्या म्हणाले. माणसानं स्वतःच्या पायावर उभं राहावं.

११ मे
अंधारात लिहितोय, अक्षर वाईट येईल.
सकाळी अकराला गोडसर, जळका वास. जिन्याखालून पांढरा धूर. मी दार उघडायला निघालो तर करुणानं मागं ओढलं. "दार सोडा. खुर्ची धरा." आईला खुर्चीसकट उचलून रस्त्यापलीकडं लिंबाखाली नेलं. सिलिंडर मी आणलं. हे लिहून ठेवतो, सिलिंडर मी आणलं. अग्निशामकवाल्यांना तासभर लागला. सात नंबर उशीसारखा फुगून फाटला होता. पुढची खोली काळी.
त्यांच्यातल्या एकानं विचारलं, अलार्म नव्हता का?
म्हटलं, होता. वाजला नाही. आजकाल माल असाच येतो.
करुणा नुसती बघत राहिली. मग मी सांगितलं, मीच बंद केला होता.
संध्याकाळी कन्नडहून बहीण मेघा जीप घेऊन आली. आईला नेलं. मला कुणी विचारलं नाही.

२५ मे
आईला परत न्यायला करुणासोबत कन्नडला गेलो. घरात विजेचं कनेक्शन पुन्हा घेतलंय, भिंती रंगवल्यात, सगळं सांगितलं. आई म्हणाली, "इथं बरं हाय मला. तू येत जा भेटायला."
वाईट वाटलं. पण मग तिनं माझा हात हातात घेतला. तासभर सोडला नाही, चहासुद्धा मी डाव्या हातानं प्यालो. आईची माया वेगळीच. डोळे भरून आले.
परत येताना एसटीत करुणाला हे सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मेघाताईंचा पंख्याचा रेग्युलेटर ढिला झालाय. तुम्ही गेल्यापासून तिकडंच बघत होता. म्हणून धरला होता हात."