प्रसादाचा पेढा

मंगळवार, संध्याकाळ. धाराशिव, दवाखान्यातच.

आमच्या गड्याच्या, दत्तूच्या हाताचं ऑपरेशन आज राहिलं. माझ्याच शेतावर कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याची बोटं सापडली, तुटलेल्या शिरा जोडायच्या होत्या. ऑपरेशनआधी पोटात काही नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी त्याची चहा-भाकरी अडवली. पण त्याच्या बायकोनं तुळजापूरचा पेढा काढून त्याला भरवला, तेव्हा बघूनही गप्प बसले. आमच्या ह्यांना शेवटच्या घटकेला तीर्थसुद्धा गिळता आलं नव्हतं.

डॉक्टर चिडले. ती म्हणाली, "सायेब, खाणं कुठं? परसाद हाय त्यो."

आता उद्या. आणखी उशीर झाला तर बोटं कायमची ताठतील म्हणे. उरलेले पेढे तिनं माझ्याच पिशवीत ठेवलेत. पहाटे त्याला द्यायला मागेल. प्रसादाला नाही कसं म्हणायचं, हे माझ्या एवढ्या वर्षांच्या पुस्तकांच्या वाचनात कुठं सापडलं नाही.